नांगर टाकून केलेली लढाई

शिडाच्या जहाजांच्या लढाईचं चित्र म्हटलं की त्यात काय असणार हे ठरलेलं असतं. टरारून फुगलेली शिडं, एका कुशीवर कललेलं जहाज, उसळत्या लाटा, आणि खालच्या कोपऱ्यात तुटक्या डोलकाठीला धरून तरंगणारी माणसं. नावारिनोच्या लढाईत यातल्या पहिल्या दोन गोष्टी नव्हत्याच. 20 ऑक्टोबर 1827 रोजी दुपारी ग्रीसच्या नैर्ऋत्य टोकाच्या एका उपसागरात शंभराच्या आसपास जहाजं नांगर टाकून उभी होती. शिडं गुंडाळलेली, वारा पडलेला. या अवस्थेत त्यांनी चार तास एकमेकांवर तोफा डागल्या. फक्त शिडांच्या जहाजांनी केलेली ही जगातली शेवटची मोठी लढाई. शिडांच्या युगाचा शेवट शिडं न उघडताच झाला, आणि चित्रकारांची मोठी पंचाईत झाली.

तरीही तिची चित्रं पुष्कळ निघाली. फ्रेंचांनी काढली, इंग्रजांनी काढली, रशियनांनी तर मोठ्या हौसेने काढली. ती पाहताना मला दोन गोष्टी छळत होत्या. एक म्हणजे, हा उपसागर प्रत्यक्षात आहे कसा? कारण एका चित्रात तो महासागराएवढा दिसतो, तर दुसऱ्यात तळ्याएवढा. दुसरी गोष्ट आपल्या घरची होती. ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या दोस्तांच्या आरमाराचं मुख्य जहाज, ब्रिटिश अ‍ॅडमिरलचं ‘एशिया’, हे मुंबईच्या गोदीत बांधलेलं होतं. तेव्हा फोनमध्ये चारपाच चित्रं साठवून ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी पिलोस गाठलं. नावारिनो हे नाव आता उपसागरापुरतं उरलं आहे. गावाचं नाव पिलोस.

अथेन्सहून बसने आधी कालामाता, मग दुसरी बस. कालामातापर्यंतचा महामार्ग छान आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढचा रस्ता मात्र ऑलिव्हच्या बागांमधून वळणं घेत जातो. जमीन लालसर, झाडं करडी-हिरवी, मधेच एखाद्या घरासमोर टोमॅटोचे क्रेट. शेवटच्या उतारावर बस वळते आणि खाली उपसागर एकदम पूर्ण दिसतो. इथेच माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हे बंद खोलीसारखं पाणी आहे. उत्तर-दक्षिण साधारण पाच किलोमीटर, रुंदी तीनएक किलोमीटर. पश्चिमेच्या बाजूला स्फाक्तिरिया नावाचं लांबट, खडकाळ बेट असं आडवं पडलेलं आहे की उघडा समुद्र दिसतच नाही. आत यायला एकच खरी वाट, नैर्ऋत्येला, आणि तिच्या काठावर किल्ला. उत्तरेकडची फट इतकी उथळ आहे की मोठं जहाज तिथून जाऊ शकत नाही.

म्हणजे ज्याने आत येऊन नांगर टाकला, त्याने परतीचा विचार सोडलेलाच होता.

गाव लहान आहे आणि त्याची आखणी सरळ रेघांची आहे, ग्रीक गावांत सहसा न आढळणारी. कारण ती फ्रेंच लष्करी इंजिनियरांची आहे. लढाईनंतरच्या वर्षी, 1828 मध्ये, जनरल मेझों यांची फ्रेंच फौज इथे उतरली आणि किल्ल्याबाहेर नवं गाव वसवण्याचं काम तिने केलं. मधोमध चौक, त्याला नाव ‘तीन अ‍ॅडमिरलांचा चौक’. चिनारांच्या दाट सावलीत कॉफीची टेबलं मांडलेली असतात आणि त्यांच्यामध्ये एक त्रिकोणी संगमरवरी स्तंभ. त्याच्या तीन बाजूंवर तीन चेहरे: ब्रिटनचे एडवर्ड कोड्रिंग्टन, फ्रान्सचे आंरी द रिन्यी, रशियाचे लॉगिन हेडेन. शेजारी तोफा आहेत आणि त्यांच्यावर मुलं घोडा-घोडा खेळतात. त्यांना कोणी हटकत नाही.

या तिघांपैकी एकालाही लढाई करायचा हुकूम नव्हता, ही नावारिनोची खरी गंमत. 1821 पासून ग्रीक लोक ऑटोमन सत्तेविरुद्ध लढत होते. सुलतानाने इजिप्तच्या मेहमत अलीची मदत मागितली. त्याचा मुलगा इब्राहिम पाशा 1825 च्या सुरुवातीला फौज घेऊन या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने पेलोपोनीस हे दक्षिण ग्रीसचं द्वीपकल्प उद्ध्वस्त करत आणलं. 6 जुलै 1827 रोजी लंडनमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी करार केला: दोन्ही बाजूंनी युद्ध थांबवावं, आणि कोणी थांबत नसेल तर तिन्ही देशांच्या आरमारांनी मध्ये उभं राहावं. मध्ये उभं राहावं, पण लढू मात्र नये. असा हुकूम फक्त राजधानीत बसलेली माणसंच काढू शकतात. ऑक्टोबर संपत आला, हिवाळी वादळं जवळ आली, बाहेर समुद्रावर पहारा देत बसणं अशक्य झालं. तेव्हा कोड्रिंग्टनने ठरवलं की सरळ उपसागरात शिरायचं आणि इब्राहिमच्या आरमाराशेजारी नांगर टाकायचा. धाक दाखवायला. मात्र त्याने कप्तानांना जो लेखी आदेश दिला, त्याच्या शेवटी नेल्सनचं जुनं सूत्र घातलं होतं: शत्रूच्या जहाजाला आपलं जहाज भिडवणाऱ्या कप्तानाचं फारसं चुकत नाही. कोड्रिंग्टन स्वतः ट्रफाल्गरच्या लढाईत ‘ओरायन’ जहाजाचा कप्तान होता. धाक दाखवायला निघालेल्या माणसाने हे वाक्य कशाला घालावं, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

आत ऑटोमन-इजिप्शियन आरमार घोड्याच्या नालासारखं मांडलेलं होतं. एक टोक किल्ल्याजवळ, दुसरं स्फाक्तिरियाकडे, आणि उघडं तोंड येणाऱ्याच्या दिशेला. संख्या वेगवेगळी सांगतात, पण सत्तर-ऐंशीच्या घरात. त्यातली खरोखर मोठी, रांगेत लढणारी जहाजं मात्र तीनच, बाकीची फ्रिगेट आणि त्याहून लहान. टोकांवर अग्निनौका ठेवलेल्या, म्हणजे जळाऊ माल भरून पेटवून शत्रूच्या अंगावर सोडायच्या नावा. दोस्तांची जहाजं 27 होती, पण त्यांतली दहा मोठी.

दुपारी दोनच्या सुमाराला नैर्ऋत्येच्या हलक्या वाऱ्यावर ‘एशिया’ सर्वांत पुढे आत आली. किल्ल्याच्या तोफा गप्प राहिल्या. किनाऱ्यावरून निरोप आला की पाशांनी आत यायची परवानगी दिलेली नाही. कोड्रिंग्टनने उलट निरोप पाठवला की आपण हुकूम घ्यायला नाही, द्यायला आलो आहोत. मग ‘एशिया’ने ऑटोमन नौदलप्रमुखाचं जहाज आणि इजिप्शियन सेनानी मोहरम बेचं जहाज या दोहोंच्या बरोबर जवळ जाऊन नांगर टाकला. एका अग्निनौकेला बाजूला व्हायला सांगण्यासाठी ब्रिटिशांनी एक होडी पाठवली, तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि लेफ्टनंट फिट्झरॉय मारला गेला. मग उत्तरादाखल गोळ्या, मग एक तोफ, मग सगळ्याच. मोहरम बेशी बोलणी करायला कोड्रिंग्टनने आपला ग्रीक वाटाड्या पीटर मिचेल याला पाठवलं, तोही मारला गेला. त्यानंतर बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

संध्याकाळी सहापर्यंत ऑटोमन-इजिप्शियन आरमारापैकी तीनचतुर्थांश बुडालं, जळालं किंवा फुटलं. दोस्तांचं एकही जहाज गेलं नाही. त्यांची पावणेदोनशेच्या आसपास माणसं मेली, समोरची हजारोंनी. रात्रभर जहाजं उडत राहिली, कित्येक त्यांच्याच खलाशांनी पेटवून दिलेली.

आता चित्रकाराच्या जागी उभं राहून बघा. हालचाल नाही, कारण सगळे नांगरलेले. नांगरलेलं जहाज लढतं कसं, हेही समजून घ्यायला हवं. नांगराच्या जाड दोराला दुसरा दोर बांधून तो जहाजाच्या मागच्या बाजूने आत घेतात. तो ओढला किंवा सैल सोडला की जहाज जागच्या जागी कूस बदलतं, आणि एका बाजूच्या साऱ्या तोफा हव्या त्या दिशेला रोखता येतात. ‘एशिया’ने त्या दुपारी आधी एका जहाजाला आणि मग दुसऱ्याला अशीच कूस दाखवली. हे काम जहाजाच्या पोटात घामाघूम होऊन करायचं. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यात काळ्या दारूचा धूर. वारा पडल्यावर तो हलणार कुठे? तिन्ही बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला बेट. प्रत्यक्ष लढलेल्यांना शेजारचं जहाज आपलं की परकं हे कळत नव्हतं. म्हणजे या लढाईचं प्रामाणिक चित्र काढायचं तर करड्या रंगाचा एक चौकोन आणि त्यात मधेमधे नारिंगी ठिपके. असं चित्र विकत कोण घेणार?

चौकाजवळच समुद्राकडे तोंड करून एक जुनं दगडी घर आहे, कोन्स्तांतिनोस त्सिक्लितिरास या खेळाडूचं. 1912 च्या ऑलिंपिकमध्ये जागेवरून लांब उडी मारण्याचं सुवर्णपदक त्याने मिळवलं होतं (असा प्रकार तेव्हा होता). आता त्या घरात रने प्यूओ या फ्रेंच पत्रकाराचा संग्रह मांडला आहे. ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धाने युरोप कसा पेटून उठला होता, ते इथे पाहायला मिळतं. छापील चित्रं, कोरीवकामं, ग्रीक वीरांच्या आणि लढायांच्या चित्रांनी सजवलेल्या घरगुती वस्तू. लढाई झाली आणि काही महिन्यांत ती लोकांच्या दिवाणखान्यात पोचली. संग्रह लहान आहे, पण एक गोष्ट झटकन लक्षात येते. बऱ्याच छापील चित्रांत वारा आहे. झेंडे फडफडतात, शिडं अर्धी उघडी आहेत, लाटांना फेस आहे. ज्यांनी ती काढली त्यांच्यापैकी बहुतेकांनी पिलोस पाहिलेलं नव्हतं. समुद्री लढाई कशी दिसायला हवी हे त्यांना आधीपासून माहीत होतं, एवढंच.

ज्याने प्रत्यक्ष पाहिली असा एक चित्रकार मात्र होता. जॉर्ज फिलिप रायनेगल, चित्रकारांच्या घराण्यातला इंग्रज तरुण, वय पंचविशीतलं. जुन्या डच सागरी चित्रांच्या नकला करून तो शिकला होता, आणि 1827 मध्ये ‘मॉस्किटो’ नावाच्या छोट्या ब्रिटिश जहाजावर होता. पुढच्याच वर्षी त्याने या लढाईच्या शिळामुद्रित चित्रांची मालिका छापली. लढाईचं एक भव्य चित्र काढण्याऐवजी त्याने तिचे तुकडे केले: हे जहाज या वेळी इथे, ते तिथे. त्याला कोणी मोठा कलावंत म्हणत नाही आणि तो 1835 मध्ये तिशी ओलांडता ओलांडता वारलाही. पण इथे काठावर उभं राहून फोनमधली चित्रं एकामागून एक पुढे सरकवताना मला त्याच्याबद्दल जास्त आपुलकी वाटली. डच गुरूंकडून तो वारा रंगवायला शिकला आणि नशिबाने त्याला बिनवाऱ्याची लढाई दिली.

दुसरा माणूस आंब्रुआझ लुई गार्नरे. याचं आयुष्यच चित्राच्या चौकटीत मावणारं नाही. तेराव्या वर्षी खलाशी म्हणून निघाला तो थेट हिंदी महासागरात. सुर्कूफ या फ्रेंच सागरी लुटारूबरोबर त्याने 1800 साली बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं ‘केंट’ जहाज पकडलं. 1806 मध्ये तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि पुढची आठ वर्षं त्याने पोर्टस्मथच्या बंदरात, तुरुंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या डोलकाठ्या काढलेल्या जुन्या जहाजांवर काढली. तिथेच चित्रं काढून इंग्रजांना विकू लागला. सुटून आल्यावर तो सरकारमान्य सागरी चित्रकार झाला. नावारिनोचं त्याचं मोठं तैलचित्र व्हर्सायच्या राजवाड्याच्या संग्रहात आहे. गार्नरे लढाईत नव्हता, पण लढाया त्याने पाहिल्या होत्या, आणि ते दोन ठिकाणी कळतं. एक म्हणजे धूर. त्याचा धूर जड आहे, पाण्याला चिकटून बसणारा, सजावटीसाठी वर सोडलेला नव्हे. दुसरं म्हणजे जहाजाच्या दोऱ्या. ज्याने त्या हाताने ओढलेल्या असतात त्याला कोणती दोरी ताणलेली आणि कोणती तुटून लोंबणारी, हे विचारावं लागत नाही.

तिसरा प्रकार चित्रापेक्षा नाटकाच्या जवळ जाणारा. शार्ल लांगल्वा हा नेपोलियनच्या फौजेतला अधिकारी पुढे चित्रकार झाला. 1831 मध्ये त्याने पॅरिसमध्ये नावारिनोचं गोलाकार भित्तिचित्र उघडलं. प्रेक्षकाला चारी बाजूंनी वेढणारी अशी चित्रं तेव्हा शहरोशहरी असत. लांगल्वाने नवीन काय केलं, तर प्रेक्षकाला मधल्या साध्या चौथऱ्यावर उभं न करता जहाजावरच उभं केलं. ‘सिपियों’ या फ्रेंच जहाजाची मागची डेक त्याने तिथे उभारली. तिकीट काढून आलेली माणसं आधी जहाजाच्या खोल्यांमधून चालत जायची, जिना चढायची आणि एकदम लढाईच्या मधोमध बाहेर पडायची. ‘सिपियों’च का, तर त्या दुपारी एक अग्निनौका तिच्या पुढच्या टोकाला अडकली होती आणि जहाजाने पुन्हा पुन्हा पेट घेतला होता. आज आभासी वास्तवाचा चष्मा लावून जे करतात, ते लांगल्वाने लाकूड, कॅनव्हास आणि दिव्यांवर केलं. पॅरिसकरांनी गर्दी केली. काही वर्षांनी चित्र उतरवून तिथे दुसरी लढाई लावण्यात आली. अशा चित्रांचा धंदाच तसा होता.

आणि चौथा आयवाझोव्स्की. क्रिमियातल्या फिओदोसिया बंदरात जन्मलेला. लढाई झाली तेव्हा दहा वर्षांचा. त्याचं नावारिनो 1846 चं आहे, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, आणि त्यात रशियन जहाज ‘अझोव’ केंद्रस्थानी आहे. ‘अझोव’चा कप्तान लाझारेव, आणि त्याच्या हाताखाली नाखिमोव, कोर्निलोव, इस्तोमिन असे तरुण अधिकारी. हे पुढे रशियन आरमाराचे मोठे सेनानी झाले आणि त्यांतल्या काहींशी आयवाझोव्स्कीची चांगली ओळख होती. म्हणजे त्याने जे रंगवलं ते त्याने ऐकलेलं होतं. तो एरवीही समुद्रासमोर बसून रंगवत नसे. लाट आणि वीज समोर बसून पकडता येत नाहीत, त्या आठवणीतूनच रंगवायच्या, असं त्याचं मत होतं. त्याच्या चित्रात धूर पिवळसर, सोनेरी, आतून उजळलेला आहे. हे मला नेहमी अतिरंजित वाटायचं. तिन्ही बाजूंना डोंगर असलेल्या कोंदट उपसागरात इतका सोन्यासारखा उजेड येईल कुठून?

याचं उत्तर बोटीत मिळालं. धक्क्यावरून छोट्या बोटी लढाईच्या स्मारकांना नेऊन आणतात. आमचा नावाडी साठीचा, इंग्रजी मोजकंच. ‘रूस’, ‘गालिया’, ‘अँग्लिया’ एवढे शब्द उच्चारून तो त्या त्या खडकाकडे बोट दाखवायचा. इंग्रजांचं स्मारक उपसागराच्या मधल्या एका चिमुकल्या खडकावर, फ्रेंचांचं प्रवेशद्वाराजवळच्या उंच बेटावर, पायऱ्यांच्या लांबलचक रांगेवर. रशियनांचं स्फाक्तिरियावर, झाडीत, शेजारी लाकडी छोटंसं चर्च. तिन्ही देश मेल्यानंतरही एकमेकांपासून बेताचं अंतर राखून आहेत. स्फाक्तिरियाच्या किनाऱ्याजवळ बोट थांबवून नावाडी खाली पाण्यात पाहायला सांगतो. नितळ दिवशी बुडालेल्या जहाजांची लाकडं दिसतात म्हणतात. मला दगड दिसले आणि एक मोठा मासा. लाकडं असतील, पण त्याच्या उत्साहावर पाणी पडू नये म्हणून मी मान डोलावली.

स्फाक्तिरियाला आणखी जुना इतिहास आहे. ख्रिस्तपूर्व 425 मध्ये अथेन्सच्या फौजेने इथे स्पार्टाच्या सैनिकांना कोंडलं आणि स्पार्टन शरण आले, जे कोणी कधी ऐकलं नव्हतं. पण तो विषय वेगळा, आणि त्यावर ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसनंतर बोलण्यात फारसा अर्थ नाही.

उजेडाची गोष्ट अशी. दुपारी चार वाजून गेले की सूर्य स्फाक्तिरियाच्या दक्षिण टोकावर, प्रवेशद्वाराच्या बाजूला झुकतो. बेटाची आतली बाजू काळवंडते, पण उपसागरावरून जो उजेड येतो तो आडवा, खालून आल्यासारखा. किल्ल्याच्या भिंती मधाच्या रंगाच्या होतात. हवेत थोडी जरी धूळ किंवा धुकं असलं तरी ते आतून पेटल्यासारखं दिसतं. आम्ही होतो त्या दिवशी पलीकडच्या टेकडीवर कोणी शेतकचरा जाळत होतं. तेवढ्याशा धुराचा एक लांब सोनेरी पट्टा पाण्यावर आला आणि पुढे सरकेना. आयवाझोव्स्की बरोबर होता. इथे आला असेल किंवा नसेल, पण बंदिस्त उपसागरात पश्चिमेचं ऊन धुरात शिरलं की काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि नावारिनोची लढाई नेमकी त्याच तासांत झाली. ज्या छापील चित्रांत आकाश सकाळसारखं निळं स्वच्छ आहे, त्यांच्यावर मी तिथेच बोटीत फुली मारली.

याच बोटीतून ‘एशिया’ साधारण कुठे उभी असेल तेही दाखवता येतं: उपसागराच्या मधोमध, नालाच्या पोटात. तिथे आज काहीच नाही, एक पांढरी नौका होती भाड्याची. 84 तोफांचं हे जहाज 1824 च्या जानेवारीत मुंबईत पाण्यात उतरलं. बांधणारे नौरोजी जमशेटजी वाडिया. त्यांचे वडील जमशेटजी बोमनजी यांनी ब्रिटिश आरमारासाठी मुंबईत मोठी जहाजं बांधायला सुरुवात केली होती. 1821 मध्ये ते वारल्यावर मुख्य बांधणीकाराची जागा मुलाकडे आली. लाकूड मलबारचा साग. ओक फुटला की त्याच्या लांब ढलप्या उडतात, आणि तोफेच्या गोळ्यापेक्षा त्या ढलप्यांनीच जास्त माणसं जायबंदी होत, असं खलाशी सांगत. साग तसा फुटत नाही. त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत आणि किडा लागत नाही. त्या दुपारी दोन सेनानींच्या जहाजांमध्ये उभं राहून ‘एशिया’ने मार खाल्ला, तिची मागची डोलकाठी कोसळली, कोड्रिंग्टनचा स्वतःचा मुलगा डेकवर जखमी झाला. जहाज मात्र तरलं.

ज्या सुतारांनी ते घडवलं त्यांना चित्रकार मिळाला नाही, असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते अर्धसत्य आहे. जमशेटजींचं तैलचित्र ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. शाल-पगडीत बसलेले, हातात कंपास आणि जहाजाचा आराखडा, खिडकीतून मागे त्यांनी बांधलेलं जहाज दिसतंय. जहाजाच्या लढाईच्या चित्रांनी भरलेल्या त्या संग्रहात हे एक चित्र जहाज बनवणाऱ्याचं आहे. त्याच संग्रहात आपल्या मनाला लागणारं आणखी एक चित्र आहे: डॉमिनिक सेरेसने रंगवलेलं 1756 चं विजयदुर्ग, इंग्रजांच्या लेखी घेरिया. तिथेही बंदिस्त खाडी, वर किल्ला, आत नांगरलेलं आरमार आणि ते जळताना. जळणारं आरमार तुळाजी आंग्र्यांचं, आणि इंग्रजांना साथ पेशव्यांची. पिलोसच्या किल्ल्यावरून खाली पाहताना मला ते चित्र आठवल्याशिवाय राहिलं नाही. इथले लोक जळालेल्या आरमाराचा उत्सव करतात, कारण ते त्यांचं नव्हतं. विजयदुर्गला उभं राहून आपण तसं करू शकत नाही.

किल्ला म्हणजे निओकास्त्रो, ‘नवा किल्ला’. लेपांतोच्या लढाईत हार खाल्ल्यावर ऑटोमनांनी 1573 मध्ये बांधला. आत मशिदीचं झालेलं चर्च आहे, पाइनची झाडं आहेत, आणि फ्रेंच फौजेच्या जुन्या बराकीत पुरातत्त्व संग्रहालय आहे. तटावरून पूर्ण उपसागर दिसतो, आणि चित्रांची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. मी तासभर फोन आणि पाणी, पाणी आणि फोन असं करत बसले. स्फाक्तिरियाची सर्वांत उंच जागा दीडशे मीटरच्या आसपास आहे. बहुतेक चित्रकारांनी तिला दुप्पट केलं आहे. उपसागर रुंद केला आहे, म्हणजे जहाजांना श्वास घ्यायला जागा मिळावी. खरं तर जागा नव्हतीच. चाळीस-पन्नास मीटर लांबीची जहाजं एकमेकांपासून हाक मारण्याच्या अंतरावर उभी होती. रुंदी वाढवली की चित्र पाहायला सोपं होतं आणि लढाई खोटी होते. रायनेगलने तुकडे पाडून ही अडचण टाळली, लांगल्वाने प्रेक्षकालाच आत ओढून ती मिटवली. गार्नरे आणि आयवाझोव्स्की यांनी धुराचा पडदा वापरला. चौघांनी तीन वाटांनी एकाच अडचणीला तोंड दिलं, आणि मला वाटतं, उत्तम चित्रापेक्षा हे चार प्रयत्न एकत्र पाहण्यात जास्त मजा आहे.

लढाईचं कौतुक लंडनमध्ये झालं नाही. ग्रीसमध्ये घंटा वाजल्या, पॅरिसमध्ये आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये आनंद झाला, पण 1828 च्या जानेवारीत ब्रिटिश राजाच्या भाषणात तिचा उल्लेख एक अनिष्ट प्रसंग म्हणून आला. ऑटोमन साम्राज्य दुबळं झालं तर रशिया माजेल, ही भीती होती. त्याच वर्षी कोड्रिंग्टनला परत बोलावण्यात आलं. पदकं मिळाली, सेनापतिपद गेलं. ‘एशिया’ पुढे पोर्टस्मथच्या बंदरात पहाऱ्याचं जहाज म्हणून उभी राहिली. तेच बंदर, जिथे गार्नरेने आठ वर्षं कैदेत काढली होती. 1908 मध्ये ती मोडीत काढली. साग म्हणून तोवर टिकली. ती बनली ती मुंबईची गोदी फोर्टात लायन गेटच्या आत अजून आहे, आरमाराच्या ताब्यात, त्यामुळे सहज आत जाता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोनचार गोष्टी. ऑक्टोबरच्या वीस तारखेच्या आसपास गावात समारंभ असतो. तिन्ही देशांचे प्रतिनिधी येतात, पुष्पचक्रं वाहिली जातात, आणि राहायच्या जागा भरून जातात. गर्दी नको असेल तर आधीच्या आठवड्यात जा. उत्तरेला व्होइदोकिलियाचा अर्धवर्तुळाकार किनारा आहे, पोस्टकार्डावर असतो तोच, तिथे पोहायला जाणारे भरपूर भेटतात. चौकातल्या टेबलांवर मासे महाग आणि ऑलिव्ह स्वस्त. बोटवाले सकाळची फेरी घ्या म्हणून आग्रह करतील, पाणी शांत असतं म्हणून. ऐकू नका. किमान चार जण जमवा, भाडं ठरवून घ्या, आणि चारनंतरचीच बोट मागा.